शर्ली टेंपल : कमाई लेकराची, हिशेब कुणाचा?
वयाच्या सहाव्या वर्षी बालकलाकारांसाठीचे खास ऑस्कर. १९३५ ते १९३८ अशी सलग चार वर्षे हॉलिवूडच्या तिकीटबारीवर शर्ली टेंपल पहिल्या क्रमांकावर होती. १९५० मध्ये, बाविसाव्या वर्षी त्यांनी चित्रपट सोडले. तोवरच्या सुमारे ३२ लाख डॉलरच्या कमाईतले जेमतेम ४४ हजार उरल्याचे त्यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. बाकीचा पैसा घरच्यांच्या हातूनच संपला होता. पुढे त्या घाना आणि चेकोस्लोव्हाकियात अमेरिकेच्या राजदूत झाल्या. अशी दुसरी संधी प्रत्येक बालकलाकाराला मिळत नाही. म्हणूनच भारतात २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराच्या कमाईतील किमान २० टक्के रक्कम त्याच्याच नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावी लागते. मुलांच्या रील्सवर कमावणाऱ्या पालकांनीही हा हिशेब आजच मांडायला हवा.