अभ्यासासाठी सोडलेली उडी

‘मी मल्लखांब सोडला, तो अभ्यासासाठी!’ हे वाक्य मी गेली तीस वर्षे सांगत आलो आहे. मराठीच्या प्राध्यापकाच्या तोंडी ते शोभूनही दिसते. आमच्या सौभाग्यवतींना ते पाठ आहे. गेल्या उन्हाळ्यात मात्र ते माझ्यावरच उलटले.

झाले असे, की आमच्या बारा वर्षांच्या धाकटीला वूशूचे वेड लागले. वूशू म्हणजे चिनी युद्धकला. १९९० च्या बीजिंगमधील आशियाई स्पर्धांत तिचा प्रथम समावेश झाला. तिच्यात एक लाथ आहे. चिनी नावाचा अर्थ ‘वावटळीचा पाय’. उडी मारून हवेत गिरकी घ्यायची आणि उजव्या पायाचा तळवा डाव्या हातावर फट्‌कन वाजवायचा. धाकटी तीन दिवस पडली. कोपर सोलले. चौथ्या दिवशी गंभीरपणे म्हणाली, “बाबा, मीही आता हे अभ्यासासाठी सोडते. तुमच्यासारखं.”

त्या रात्री मला झोप आली नाही.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट्टदादा देवधरांनी ज्या मल्लखांबाला नवे आयुष्य दिले, त्याच्यासमोर मीही बाराव्या वर्षी उभा होतो. एरंडेल चोळलेला तो गुळगुळीत खांब! तो धरायचा, कंबर वर फेकायची आणि डोके खाली ठेवून पायांची अढी घालायची. त्यात एक क्षण असा येतो, की जमीन सुटलेली असते आणि पायांना खांब अजून मिळालेला नसतो. नेमक्या त्याच क्षणी मी हात सोडले. लागले फारसे नाही. पण दुसऱ्या दिवसापासून मला अभ्यासाची फार आठवण येऊ लागली! २०१९ साली शिवाजी पार्कवर मल्लखांबाची जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा वर्तमानपत्रातली छायाचित्रे पाहून मी घाईने पान उलटले होते.

पहाटे धाकटीला घेऊन कृष्णाकाठी गेलो. ढोल्या गणपतीला नमस्कार केला आणि पुढच्या मोकळ्या मातीत तिला सारे खरे सांगितले. मला वाटले, ती हसेल. ती म्हणाली, “मग आता शिका.”

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी शिष्य झालो. लाथ म्हणजे पायाचे काम, अशी माझी समजूत होती. तसे नाही. आधी पाऊल जमीन दाबते, मग हात वर झेपावतात, मग गुडघा, मग मान वळते; लाथ येते सर्वांत शेवटी. मराठी वाक्यात क्रियापद येते तशी! मी आपला पहिल्याच शब्दाला क्रियापद फेकत होतो. “घाई करू नका, बाबा,” गुरुजी ओरडत. वर्गात हेच वाक्य मी किती कोरडेपणाने म्हणतो, ते तेव्हा कळले.

महिन्याभराने, उडी न मारताच का होईना, माझा पाय हातावर वाजला. घाटावर धुणे धुणाऱ्या बाईंनी दचकून मागे पाहिले.

धाकटीची वावटळ अजूनही तिनांत एकदा कोसळते. ती कपडे झटकून उठते. माझी उडी जेमतेम चार बोटे! पण यंदा दिवाळीच्या फराळाला आलेल्या कुणी जुना विषय काढलाच, तर मी सौभाग्यवतींच्या देखत सांगणार आहे : मल्लखांब मी भीतीने सोडला होता.