फायबरची होडी आणि आपली नदी



खालापूर तालुक्यातल्या एका वाचकाचे पत्र आले आहे. पुरासाठी गावाने फायबरची मोटारबोट घ्यावी असे ग्रामसभेत ठरते आहे. ती कशी असते, किती माणसे नेते, किती अश्वशक्तीची मोटार लागते ते सोप्या भाषेत लिहा, असे ते म्हणतात. मी शेतीखात्याचा माणूस. पण तुम्ही इंजिन-पंपाचे आणि फवारणी पंपाचे दुखणे घेऊन माझ्याकडे येताच, त्यातलाच हा एक प्रश्न समजतो.

आधी फायबर म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडचा कारवीचा कुड आठवा. नुसती कारवी वाऱ्याने हलते, नुसती माती पावसाने वाहते. पण कारवीवर माती लिंपली की भिंत उभी राहते. तसेच इथे. केसासारख्या काचेच्या तंतूंची चटई साच्यात अंथरतात, तिच्यात पॉलिएस्टर रेझिन नावाची चिकट राळ जिरवतात आणि राळेत कडक करणारे रसायन घालतात. असे थरावर थर दिले की साच्यातून सबंध होडी निघते. तिला वाळवी लागत नाही, ती कुजत नाही, गंजत नाही. फटी बुजवण्याचे कामही राहात नाही.

एक गोष्ट मात्र विक्रेता आपण होऊन सांगत नाही. लाकडाची होडी पाण्याने भरली तरी बहुधा काठापर्यंत बुडून तरंगत राहते, तिला धरून माणूस वाचतो. फायबरची होडी भरली की तळाला जाते, कारण काच आणि राळ दोन्ही पाण्यापेक्षा जड. म्हणून बाकांखाली बंद पेट्या करून त्यांत फोम भरलेला असावा लागतो. घेण्यापूर्वी विक्रेत्याला सांगा, उथळ पाण्यात होडी काठोकाठ भरून दाखव. एका गावात मी पाहिले, भोंगा बसवायला कोणी त्या पेटीलाच चार भोके पाडली होती. आत पाणी झिरपून फोम भिजून गेला, आणि होडी मात्र बाहेरून नवी कोरी!

आता भार. साडेचार मीटर लांब आणि दीड मीटर रुंद होडी धरा. टोकाचा निमुळतेपणा वजा जाता ती साधारण पाच चौरस मीटर पाणी व्यापते. म्हणजे पन्नास किलो वजन चढले की ती फक्त एक सेंटिमीटर खाली जाते. दहा माणसे चढली तरी वीतभरसुद्धा बुडत नाही! काठावरच्या माणसाला वाटते, अजून जागा आहे, घ्या आणखी दोघांना. घात होतो तो इथे. होडी खाली जाऊन बुडण्याआधी कलंडते. भरलेल्या होडीत चौघे एकदम उठून एका बाजूला गेले की काठ पाण्याखाली जातो, मग क्षण लागत नाही. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून गावकऱ्यांना नेणारी होडी उलटली. होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती, असे त्या वेळच्या बातम्यांत आले. बायका-मुले दगावली. तेव्हा पाटीवर सहा लिहिले असेल तर चालकासकट सहा, आणि तेही शांत पाण्यात. सगळ्यांनी बसूनच राहायचे, प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट हवे.

मोटारीचे गणितही भारावरच आहे. दोन माणसे घेऊन पंचवीस अश्वशक्तीची मोटार चालवली तर होडी पाण्यावर उचलली जाते, जणू घसरत जाते, आणि ताशी तीस किलोमीटरच्या पुढे पळते. विक्रेता दाखवतो ती ही चाल. भार वाढला की होडी उचलली जात नाही, स्वतःच्याच लाटेत अडकते. मग एवढ्या लांबीच्या होडीची चाल ताशी नऊ किलोमीटरच्या आसपास येते. सांगलीकडे कृष्णेचे पाणी चढते आणि दिवसचे दिवस गावात ठाण मांडून राहते. आपली उल्हास आणि पाताळगंगा सह्याद्रीच्या उतारावरून येतात, काही तासांत चढतात आणि उतरतात. पात्रातल्या ओढीला भरलेली होडी पुरी पडत नाही. काठीचा तुकडा प्रवाहात टाका आणि काठाने त्याच्याबरोबर चाला. धावावे लागले तर होडी पात्रात घालू नका. पसरलेल्या, संथ पाण्यात, वाडीपासून रस्त्यापर्यंत, एवढेच तिचे काम. तिथेही कुंपणाच्या तारा, पेंढा आणि प्लास्टिक पंख्यात अडकते, म्हणून दोन वल्ही आणि कोयता होडीत हवाच.

२७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हासच्या पुरात अडकली, तेव्हा राष्ट्रीय आपत्ती दलाने हवेच्या रबरी होड्या वापरल्या. त्या भरल्या तरी बुडत नाहीत, पण काटा आणि तार त्यांचा शत्रू. फायबर काट्याला भीत नाही, दगडाला भिते.

देखभालीबद्दल थोडे. होडी चार दिवस लागते आणि वर्षभर पडून असते. ती पालथी, लाकडांवर, सावलीत ठेवा. तडा गेला तर एप्रिल-मेमध्येच सांधा. पावसाळ्यात ओल्या फायबरला राळ धरत नाही. टू-स्ट्रोक मोटार असेल तर माहितीपत्रकात दिलेल्या प्रमाणातच ऑईल घाला, बहुतेक ठिकाणी ते पन्नास लिटर पेट्रोलला एक लिटर असते. महिन्यातून एकदा मोटारीचा खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवून दहा मिनिटे चालवा. कोरडी कधीही चालवू नका, आतल्या पाणी-पंपाचे रबर जळते. चालू असताना बाजूने पाण्याची बारीक धार पडत राहिली पाहिजे. धार थांबली की मोटार बंद करा, गाळ अडकला असे समजा. काम झाल्यावर कार्बोरेटरमधले पेट्रोल काढून टाका, नाहीतर ते चिकट होऊन बसते आणि ऐन जुलैत दोरी ओढून हात दुखतात. उरलेले पेट्रोल कुलपात ठेवा, गावात मोटारसायकली पुष्कळ आहेत.