तिसरी तार

बँकेच्या हॉलमध्ये थंडी वाजू लागली की माणसांचे दोन पक्ष पडतात. एक मॅनेजरसाहेबांना दोष देतो, दुसरा हेड ऑफिसला. आमच्या कॅशियरबाई दोघांनाही दोष देऊन स्वेटर चढवतात. पेन्शनला आलेले आजोबा भर मे महिन्यात कानटोपी घालून येतात, टोकन घेतात आणि बाहेर उन्हात जाऊन बसतात. मग नंबर पुकारला तरी ऐकू येत नाही, कारण कानटोपी! या साऱ्या हालांना माझ्या मते एकच गोष्ट कारण आहे. कुणी न ओढलेली तिसरी तार.

या मताला आमचा इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर हसतो. "साहेब, तुम्ही बी.कॉम. ना?" म्हणतो. आहेच मुळी. पण हिशेब तो हिशेब, मग रुपयांचा असो की ओहमचा.

त्याचं असं आहे. हॉलमधली हवा ओढून, गाळून, गार करून परत सोडणारी जी अवाढव्य पत्र्याची पेटी गच्चीवर घुमत असते, तिला एअर हँडलिंग युनिट म्हणतात. तिला स्वतःला थंडी-ऊन काही कळत नाही. परतीच्या हवेच्या डक्टमध्ये एक पेन्सिलीएवढा सेन्सर खुपसलेला असतो, तो खाली पॅनेलमधल्या कंट्रोलरला बातमी देतो, आणि थंड पाण्याचा व्हॉल्व्ह किती उघडायचा ते कंट्रोलर ठरवतो. बातमी खोटी तर निकालही खोटा.

आमचा सेन्सर पीटी-१०० जातीचा. आत प्लॅटिनम, शून्य अंशाला त्याचा विरोध १०० ओहम, आणि पुढे दर अंशाला सुमारे ०.३८५ ओहमची वाढ. व्याजाचा दरच म्हणा ना! २४ अंशांना १०९ ओहम आणि वर थोडी चिल्लर. इतकं सरळ खातं आमच्या बँकेतही सापडायचं नाही. घोटाळा होतो तो वाटेत. सेन्सरपासून पॅनेल ३० मीटर लांब. तांब्याच्या तारेलाही स्वतःचा विरोध असतो. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तारेला हजार मीटरमागे ३५ ओहमच्या आसपास. जाऊन-येऊन ६० मीटर, म्हणजे दोन ओहमांहून किंचित जास्त. भागा ०.३८५ ने. जवळजवळ साडेपाच अंश! हॉलमध्ये असतात साडेअठरा, आणि कंट्रोलर वाचतो चोवीस.

कंट्रोलर बनवणाऱ्यांना हे ठाऊक होतं, म्हणूनच त्यांनी या सेन्सरला तीन स्क्रू दिले. तिसऱ्या तारेच्या मदतीने कंट्रोलर वाटेतला विरोध वेगळा काढतो आणि एकूण रकमेतून वजा करतो. (तिन्ही तारा सारख्या जाडीच्या आणि सारख्या लांबीच्या हव्यात, एवढीच अट.) पगार वेगळा, टी.ए. वेगळा. कॉन्ट्रॅक्टरने काय केलं? दोन तारांची केबल ओढली, आणि रिकामा राहिलेला तिसरा स्क्रू वायरच्या तुकड्याने शेजारच्या स्क्रूला जोडून टाकला. म्हणजे 'प्रवासखर्च निरंक' असं खोटं व्हाउचर! कंट्रोलर बिचारा मुकाट्याने पास करतो. आमच्याकडे असं व्हाउचर पास करणाऱ्याला मेमो मिळतो.

वर भिंतीवर सर्क्युलर आहेच: 'तापमान २४ अंश ठेवावे.' १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलवाले खोलीचे एसी मुळातच २४ अंशांवर लावलेले येतात, त्यावरून कुणाला तरी हे सुचलं असावं. ठेवलंय की चोवीस! काचेवर आकडा चोवीसच दिसतो. थंडी फक्त माणसांना वाजते.

कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, "पलीकडच्या शाखेत दोन तारांवरच चालतंय." चालणारच. तिथला सेन्सर थर्मिस्टर आहे, २५ अंशांना १०,००० ओहमचा, आणि तो अंशागणिक चारशे ओहमांच्या आसपास हलतो. त्याला आमचे दोन ओहम म्हणजे दहा हजारांच्या ठेवीत दोन रुपये. शेजाऱ्याची सून गुणी आहे म्हणून आपल्या घरात पाणी कसं भरलं जाणार?

मग तो शेवटचं शस्त्र काढतो. "सेटिंगमधून साडेपाच वजा करून टाकू." ट्रायल बॅलन्स जुळेना की फरक सस्पेन्स खात्यात टाकणाऱ्यांचीच ही जात! आमच्या वरच्या मजल्यावर हा प्रयोग होऊन गेला आहे. वजाबाकी केली, कुठे लिहून ठेवली नाही. पुढे दुसऱ्या एका भल्या माणसाने तिथे तीन तारांची केबल अगदी नियमाप्रमाणे टाकली, पण ती वजाबाकी तशीच राहिली. मग आकडा चोवीस आणि हॉल साडेएकोणतीस! कर्ज विभागात माणसं घामाघूम होतात ती हप्त्याच्या धास्तीने, असंच आम्ही कित्येक दिवस समजत होतो.

दोनऐवजी तीन तारांची केबल घेतली असती, तर ३० मीटरला जो जादा खर्च आला असता, तेवढा शाखेच्या चहावर होतोच. पण कोटेशन सगळ्यात स्वस्त हवं, आणि ते स्वस्त कशामुळे झालं हे कुणी विचारायचं नाही! 'केबल – एक नग' एवढंच लिहायचं. दुधात पाणी घालणारा गवळीसुद्धा माप तरी दाखवतो.

सध्या 'सेन्सर नादुरुस्त, बदलून बसवला' असं बिल माझ्या टेबलावर आलं आहे. सेन्सर पहिल्या दिवसापासून ठणठणीत होता. केबलमध्ये तारा किती, हे लाल शाईने विचारून मी बिल परत पाठवलं आहे. उत्तर येईपर्यंत स्वेटर ट्रंकेत टाकू नका, असं कॅशियरबाईंना सांगून ठेवलं आहे.