अश्वमेधाचा घोडा

रोमचा इतिहास वर्गांत शिकवावयास घेतला कीं, विजयी सेनापतीच्या मिरवणुकीपाशीं मुलें हटकून सरसावून बसतात, असा आमचा अनुभव आहे. चार घोड्यांचा रथ, जांभळीं वस्त्रें, लुटीचे ढीग! इ. स. ७१ मध्यें टायटसाच्या मिरवणुकींत यरुशलेमच्या मंदिरांतील सोन्याचा दीपवृक्ष मिरविला गेला. रोममधील कमानीवर तो देखावा आजही कोरलेला दिसतो. रथापुढें चालविलेल्या बंदिवानांविषयीं मात्र कोणी प्रश्न विचारीत नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर, आम्हीही परीक्षेंत तो विचारीत नाहीं.

परंतु अशा वैभवासाठीं रोमपर्यंत जावयास नकोच. आपल्या पुणें जिल्ह्यांत, जुन्नरपलीकडे, नाणेघाटाच्या माथ्यावर सातवाहनांचें लेणें आहे. तेथील ब्राह्मी लेख राणी नागनिकेचा मानतात. त्यास सुमारें दोन हजार वर्षें झालीं. त्यांत अश्वमेधाचा उल्लेख आहे. अश्वमेध म्हणजे आपल्याकडील विजययात्राच होय. घोडा फिरेल ती भूमि राजाची, आणि जो त्यास अडवील त्यानें लढावें. दक्षिणेचा हिशेब तर एखाद्या कारकुनानेंही वाखाणावा इतका चोख आहे: एके ठिकाणीं ११,००० गाई व १,००० घोडे! घोड्यामागून गेलेले शिपाई किती परतले, तो आंकडा मात्र वाचतां येणाऱ्या ओळींत कोठेंही नाहीं. भिंतीवरील राजपुरुषांच्या मूर्तिही नाहींशा झाल्या आहेत. वरचीं कांहीं नांवें तेवढीं उरलीं.

नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्रीनें आपल्या पुत्राची कीर्ति कोरविली आहे. शक, यवन, पह्लव यांचा त्यानें नाश केला, त्याच्या घोड्यांनीं तीन समुद्रांचें पाणी प्यालें, असें ती अभिमानानें सांगते. पण अपराधी शत्रूचाही प्राण घेणें त्यास रुचत नसे, हेंही त्याच लेखांत आहे. एवढ्या विजयांच्या यादींत मातेस हें घालावेंसें वाटलें! पाठ्यपुस्तकें तीन समुद्र घेतात आणि हें गाळतात, याचें आम्हांस वाईट वाटतें.

मागें एकदां आम्ही मुलांस नाणेघाटीं नेलें होतें. लेख समजावून झाल्यावर एका लहानग्यानें विचारलें, “सर, त्या घोड्याचें पुढें काय झालें?” यज्ञांत त्याचा बळी देत, असें आम्हीं सांगितलें. घाट उतरेपर्यंत तो मुलगा कोणाशीं बोलला नाहीं.