मे महिन्यातली ती शाळा

मे महिना लागला की द्वारकेजवळच्या आमच्या चाळीतून शेजारच्या मावशींची मुले सकाळी आठालाच आंघोळ करून, डोक्याला तेल चोपडून बाहेर पडत. सुट्टीत शाळेत जाणारी ही मुले पाहून आम्हांला हसू येई. ‘बायबल शाळा’ हे तिचे नाव. दहा दिवस गाणी, गोष्टी, चिकटकाम, पाठांतर आणि शेवटी पालकांपुढे कार्यक्रम. चौथीत असताना मीही दोन दिवस गेलो. तिसऱ्या दिवशी अण्णांना कळले. रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, “आपल्याला काय करायचंय तिथं?” मी जायचा थांबलो. प्रश्न मात्र डोक्यात राहिला.

या शाळांचा उगम भाबडा नाही आणि कारस्थानीही नाही. १७८० साली इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरच्या रॉबर्ट रेक्सने रविवारची शाळा काढली, ती आठवडाभर कामाला जुंपलेल्या पोरांना अक्षरओळख व्हावी म्हणून. १८६८ मध्ये जोसाया स्पायर्स नावाच्या गृहस्थाने वेल्सच्या किनाऱ्यावर वाळूत मोठाली अक्षरे काढून ती सुट्टीवर आलेल्या मुलांकडून शिंपल्यांनी सजवून घेतली. सुट्टीतली मुले आणि धर्मकथा यांची सांगड तिथे बसली. १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत एका बाईंनी उन्हाळ्यात रोजची बायबल शाळा भरवली; जागा कोणती, तर भाड्याने घेतलेला बिअरचा गुत्ता!

पण इतके दूर कशाला जायचे? आपण रोज शरणपूर रोडने जातो. हे ‘शरणपूर’ म्हणजे काय, असे मी वर्गात विचारले तेव्हा एकालाही सांगता आले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस यांनी ख्रिस्ती झालेल्यांसाठी वसवलेली ही वस्ती. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले इथे आणली गेली. त्यांनी इथे अक्षरे गिरवली, सुतारकाम, लोहारकाम शिकले. त्यांतला जेकब वेनराईट १८७२ मध्ये लिव्हिंग्स्टनच्या शोधार्थ आफ्रिकेत गेला. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना याच नाशिकच्या विद्यार्थ्याने वाचली आणि पुढल्या वर्षी तो त्यांच्या शवासोबत लंडनला पोचला. आपल्या गावचा एवढा मोठा इतिहास, आणि त्याची गंधवार्ता आपल्याला नाही!

तरीही मला या मुलांचा विचार अस्वस्थ करतो. जेकब हे नाव त्याच्या आईने ठेवलेले नव्हे. गुलामीतून सुटका झाली हे खरे. नवे नाव, नवा धर्म हवा का, हे त्या वयात कोणी विचारले असेल असे वाटत नाही. मुलांमध्ये काम करणाऱ्या कोणत्याही धर्माच्या मंडळींनी हा प्रश्न स्वतःला विचारावा. म्हणून अण्णांची शंका मी अडाणीपणाची मानत नाही. माझे म्हणणे इतकेच, की शाळेची दारे उघडी असावीत आणि दुसऱ्यांची मुले घ्यायची तर आधी आईवडिलांना विचारावे. मला त्या दोन दिवसांत कोणी घरचे विचारले नाही, हे चुकलेच.

दुसरे दुखणे भाषेचे. ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, ते रेव्हरंड टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी ख्रिस्तभक्ती अभंगांत, कीर्तनात आणली. लक्ष्मीबाई तर नाशिकजवळच्या जलालपूरच्या. असा वारसा उशाशी असताना, गेल्या वर्षी मावशींच्या नातवाच्या कार्यक्रमाला गेलो तर सगळी गाणी इंग्रजी, हातवाऱ्यांसकट! मुले गोड दिसत होती, अर्थ मात्र दोघातिघांनाच सांगता आला. मावशी पुढच्या बाकावर गप्प बसून होत्या.

त्यांच्याकडे एक वही आहे. लहानपणी त्या स्वतः मे महिन्यात शिकलेली मराठी गाणी, गोष्टींची नावे, बाईंनी दिलेले शेरे, सारे त्यात आहे. कागद पिवळा पडला आहे, शिवण सुटली आहे. परीक्षा संपल्यावर ती उतरवून घ्यायला बसायचे ठरले आहे. इतिहास विभागातले कोणी सोबत आले तर बरे होईल. मावशींची हरकत नाही, फक्त चष्मा दुरुस्तीहून यायचा आहे.