रणनौकेची खरी कसोटी अंधारात

युद्धनौका म्हटली की तोफा आणि क्षेपणास्त्रेच डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु वीज खंडित झाली की हेच सामर्थ्य क्षणात पंगू होते. १३ नोव्हेंबर १९४१ रोजी जिब्राल्टरजवळ ‘आर्क रॉयल’ या ब्रिटिश विमानवाहू नौकेवर जर्मन पाणबुडीचा एकच पाणतीर आदळला. पाणी बॉयलरांपर्यंत पोहोचले, वाफ संपली. सर्व जनित्रे वाफेवरच चालणारी. साहजिकच पंपही थांबले. ‘लाफोरी’ या विनाशिकेने शेजारी येऊन वीज पुरविली. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी नौका बुडाली. प्राणहानी एकाच नौसैनिकाची, हानी मात्र एका अजस्र नौकेची! पुढे कप्तानावर लष्करी न्यायालयात निष्काळजीपणाचा ठपका बसला.

अशा प्रसंगांसाठी अमेरिकी नौदलाने आणीबाणीच्या वीजजोडणीची पद्धत सिद्ध केली. जलरोधक भिंतींत कायमची जोडटोके बसविलेली असतात; त्यामुळे दारे न उघडता सुट्या केबलमधून वीज पुढे नेता येते. जोडणी पंपाकडून जनित्राकडे करीत जायची, म्हणजे हाती जिवंत तार येत नाही. तारांवर दोऱ्याचे एक, दोन, तीन वेढे असतात. काळोखात बोटांनीच फेज ओळखायचा.

मात्र ही बोटे सरावानेच शहाणी होतात. आपल्या नौदलात जामनगरची ‘वालसुरा’ वीजतंत्राचे आणि लोणावळ्याची ‘शिवाजी’ हानिनियंत्रणाचे शिक्षण देते. नव्या नौकेच्या जलावतरणाचे कौतुक अवश्य व्हावे. पण अंधारात केबल ओढणाऱ्या हातांच्या सरावात काटकसर होता कामा नये. शस्त्र शत्रूला रोखते. नौका वाचवितात ते हे हात.