न लावलेल्या झाडाचं नाव आधी विचारा

पावसाळा सरता सरता परसात एखादं अनोळखी रोप गुडघ्याएवढं झालेलं दिसतं. ते कुणी लावलेलं नसतं. मैना, बुलबुल, कावळे किंवा वटवाघळं यांनी फळ खाऊन बी तिथे टाकलेली असते. काहीजण ते तण समजून उपटतात. काहीजण शेजारच्यांनी सांगितलेल्या नावावर भरवसा ठेवून त्याचा पाला काढ्यात घालतात. आमची विनंती आहे, नाव पक्कं होईपर्यंत ते उपटू नका आणि तोंडातही घालू नका.

सुरुवात पानापासून करा, पण एक पान कुठे संपतं ते आधी ठरवा. पानाचा दांडा फांदीला मिळतो तिथे बेचक्यात डोळा असतो. पर्णिकेच्या, म्हणजे एकाच पानाच्या छोट्या पात्याच्या, बुडाशी तो नसतो. हे कळलं की पुष्कळ घोटाळे मिटतात. कडुनिंबाच्या एकाच दांड्याला दोन्ही बाजूंनी करवती कडांच्या पर्णिका असतात. बकाणनिंबाच्या दांड्याला पुन्हा फांदीसारखे उपदांडे फुटतात आणि पर्णिका त्यांवर येतात. कडुनिंबाची फुलं पांढरट, बकाणाची जांभळट. बकाणाची फळं विषारी आहेत, म्हणून हा फरक माहीत हवाच.

मग पानं समोरासमोर आहेत, एकाआड एक आहेत की झुबक्याने, ते पाहा. सातविणीची पानं फांदीभोवती चक्राकार, बहुधा सात-सात, येतात. पान चुरगळून वास घ्या. कढीपत्ता तिथेच ओळखू येतो. देठ मोडल्यावर चीक येतो का बघा, पण तो हाताला आणि डोळ्यांना लागू देऊ नका. वड, पिंपळ, उंबर यांना चीक असतो, तसाच तो पिवळ्या कण्हेरीलाही असतो. या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या, बिया पोटात गेल्या तर हृदयावर परिणाम होऊन जीव जाऊ शकतो. घरात लहान मुलं असतील तर हे झाड सर्वात आधी ओळखा.

तरीही नाव लागलं नाही तर फुलाफळांची वाट पाहा. नुसत्या पानाच्या फोटोवरून मोबाइलने सांगितलेलं नाव हा अंदाज समजा. फूल आलं की पान, फूल, फळ असलेला वीतभर शेंडा वर्तमानपत्रात दाबून वाळवा. ठिकाण, तारीख, झाडाची उंची आणि फुलाचा रंग लिहून ठेवा, कारण वाळल्यावर रंग उडतो. असा नमुना घेऊन जवळच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना भेटा. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजचं ब्लॅटर हर्बेरियम आहे, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचं केंद्र आहे. तिथे चौकशी करता येईल.

वाट पाहायला दोन अपवाद आहेत. भिंतीच्या फटीत उगवलेला पिंपळ किंवा वड लहान असतानाच मुळासकट काढून मोकळ्या जागी लावा; मोठा झाला की भिंत फोडतो. आणि चपट्या शेंगांचं सुबाभूळ ओळखू आलं तर शेंगा पिकण्याआधी काढा, नाहीतर सगळं अंगण त्याच्या रोपांनी भरेल.

झाड मोठं झालं असेल तर मात्र कुऱ्हाड आवरा. महाराष्ट्रात शहरी भागात १९७५च्या कायद्यानुसार स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही परवानगी लागते. ती मागायला जाण्याआधी, आपण नेमकं काय तोडणार आहोत, त्याचं नाव माहीत करून घ्या.